पालेर्मोत उभ्यानेच जेवावं

पालेर्मो म्हणजे इटलीच्या सिसिली बेटावरचं मोठं शहर. तिथे पहिल्या रात्री आम्ही फसलो, ते आधीच सांगून टाकते.

एका मोठ्या चौकाजवळचं हॉटेल. दारात पदार्थांचे फोटो लावलेला फळा, फळ्याशेजारी हसतमुख वेटर, आणि त्याला इंग्रजी येत होतं. ताई, म्हणजे माझी मोठी नणंद, विमानात काहीच न खाल्ल्यामुळे कावलेल्या होत्या. "बस गं इथेच, टेबलावरची चादर तरी धुतलेली दिसतेय," म्हणाल्या. बसलो. मेनूत 'ओराता' नावाच्या माशापुढे 6 यूरो लिहिलं होतं. वेटरने अख्खा मासा ताटात घालून आणून दाखवला. मी गोपी टँकच्या मार्केटमध्ये तीस वर्षं मासे घेतेय. कल्ले बघितले, डोळे बघितले, मासा ताजा होता, मान डोलावली. बिल आलं 67 यूरो.

त्या 6 यूरोपुढे बारीक अक्षरात 'एत्तो' असा शब्द होता. एत्तो म्हणजे 100 ग्रॅम. मासा भरला 850 ग्रॅम, त्याचे झाले 51. त्यावर माणशी 3 यूरो 'कोपेर्तो', म्हणजे टेबलाशी बसल्याबद्दलचे. मग पाण्याची बाटली, मग सॅलड. रुपयांत सहा हजार. सगळं मेनूत छापलेलं, त्यामुळे भांडायलाही जागा नाही. कोळणीशी तीस वर्षं हुज्जत घातलेली बाई वजन न विचारता मासा घेते, यावरून ताईंनी मला पुढचे आठ दिवस सोडलं नाही. आजही मुलुंडहून त्यांचा फोन आला की सुरुवात "काय गं, एत्तो काय म्हणतोय?" अशीच होते.

हे लिहायला बसले ते आमच्या खालच्या मजल्यावरच्या मुलीमुळे. तिचं लग्न ठरलंय, जूनमध्ये दोघं सिसिलीला चाललीत. तिने व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं, "काकू, पालेर्मोतली दहा चांगली रेस्टॉरंट्स सांग ना." दहा मला माहीतच नाहीत. आम्ही जिथे सगळ्यात चांगलं जेवलो तिथे बहुतेक वेळा खुर्चीच नव्हती. तिला उत्तर लिहिता लिहिता मेसेज एवढा वाढला की म्हटलं, इथेच टाकते.

आता आम्ही दोघी तिथे गेलो कशा? मी गेल्या वर्षी बँकेतून रिटायर झाले. ह्यांना दोन दिवसांच्या वर घर सोडवत नाही. ताईंना युरोप बघायचा होता, पण टूरवाल्यांच्या बसमधून पनीरच्या भाजीमागे फिरायचं नव्हतं. एप्रिलमधली तिकिटं रोमवरून पालेर्मोची स्वस्त मिळाली, एवढंच कारण. भाड्याने घेतलेल्या खोलीत स्वयंपाकघर होतं, पण खरं सांगायचं तर तिथे चहाशिवाय काही केलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाल्लारोच्या बाजारात शिरलो. ताज्या पावट्यासारख्या दिसणाऱ्या शेंगांचे ढीग, काटेरी आर्टिचोक, बर्फावर मासे, डोक्यावर लाल ताडपत्र्या, त्यातून येणारा उजेडही लालसर. विक्रेते ओरडत होते, आणि ते ओरडणं साधं नाही, त्याला चाल आहे, शेवटचा स्वर ताणायची पद्धत आहे. तिथे त्याला 'अब्बान्न्याता' म्हणतात. दादर स्टेशनबाहेर संध्याकाळी जे चालतं तेच. आणि मग मला वास आला. तेलात बेसन पडल्याचा.

मी थांबलेच. "ताई, भजी," म्हटलं. ताईंचा विश्वास बसेना. वासामागे चालत गेलो तर एका गाडीवर एक आडव्या अंगाचा माणूस मोठ्या चौकोनी कढईत बेसनाचे पातळ तुकडे सोडत होता. एकेक तुकडा साधारण पत्त्याएवढा, जाडीला दोन-तीन पत्ते एकावर एक ठेवावेत इतकाच. तेलात पडला की आधी तळाशी जायचा, मग वर यायचा, कडा आक्रसायच्या आणि पोटावर फोड यायचे. झाऱ्याने एकदाच उलटायचा. सोनेरी झाला की काढून, निथळून, तीळ लावलेल्या पावात चार-पाच तुकडे एकावर एक, मीठ, वरून अर्धं लिंबू पिळायचं, कागदात गुंडाळायचं. हे 'पाने ए पानेल्ले'. पाने म्हणजे पाव. पोर्तुगीजांनी आपल्याला दिला त्या पावाचा हा सख्खा चुलतभाऊ.

पहिला घास घेतला आणि दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. बाहेरून कुरकुरीत, आत मऊ, जवळजवळ साईसारखं. पाटवडी तळली तर काय होईल? तेच. आणि करायची रीतही तीच, ते मी पुढे बघून आले. पाण्यात पीठ कालवायचं, मीठ घालायचं, मंद आचेवर सारखं घोटत राहायचं, भांड्याच्या कडेने सुटायला लागलं की कोथिंबिरीच्या चुलतघराण्यातली ती पार्सली चिरून टाकायची, पातळ थापायचं, गार झालं की कापायचं. सुरळीच्या वडीला इथपर्यंत आणून आपण गुंडाळतो आणि वर फोडणी घालतो. ते लोक तिला कढईत टाकतात.

तुम्ही सांगितलंत तर त्याच पावात तो बटाट्याचे छोटे लांबट वडेही घालतो, पुदिना किंवा पार्सली घातलेले. त्यांना क्रोक्के म्हणायचं. त्यांचं गावठी नाव वेगळं आहे, त्याचा अर्थ घरमालकिणीने आम्हाला सांगितला आणि ताईंनी तो ब्लॉगवर लिहायचा नाही असं बजावलंय. म्हणजे पावात बेसन आणि पावात बटाटा. फक्त बटाट्यावर बेसनाचं आवरण चढवायचं त्यांना इतक्या वर्षांत सुचलं नाही. चटणीही नाही. ताईंनी पर्समधून लसणाच्या चटणीची डबी काढली आणि सढळ हाताने भुरभुरवली. डोशावर केचप ओतणाऱ्या गिऱ्हाइकाकडे उडपी हॉटेलवाला ज्या नजरेने बघतो, त्याच नजरेने गाडीवाल्याने आमच्याकडे बघितलं. मीही घातली. लिंबू आणि लसणाची चटणी दोन्ही असली की पानेल्ले आणखी वर जातात. सिसिलीतल्या कोणी हे वाचू नये.

गाडी कुठली निवडायची, तर वडापावची निवडतो तशीच. तळून ठेवलेल्या मालाचा ढीग असेल तर पुढे चला. माल कढईतून थेट पावात जात असेल आणि समोर शाळेतली पोरं, रंगारी, हातात पिशवी घेतलेल्या म्हाताऱ्या बायका उभ्या असतील तर तिथे थांबा. काल्सा नावाच्या भागात, पियात्सा काल्सात, 'किलूत्सो' म्हणून एक ठिकाण आहे, तिथे मी दोनदा गेले. दुसऱ्यांदा एकटीच, ताई झोपलेल्या असताना.

काल्सा हे नाव मला फार आवडलं. अरबांनी 831 मध्ये पालेर्मो घेतलं आणि पुढे समुद्राच्या बाजूला आपली राजवाड्याची वस्ती वसवली, तिचं नाव अल-खालिसा. त्याचं काल्सा झालं. शाळेत 'डलहौसीने संस्थानं खालसा केली' असं घोकलं होतं ना, तो खालसा आणि हा काल्सा, मूळ शब्द एकच. नॉर्मन लोकांनी 1072 मध्ये शहर जिंकलं, पण अरबांनी रुजवलेलं काही उपटून टाकलं नाही. वांगं, ऊस, लिंबं, भात, बेदाणे घालायची खोड, गोडाआंबटाचं वेड, सगळं राहिलं. दहाव्या शतकात इब्न हौकल नावाचा अरब प्रवासी इथे येऊन गेला, आणि त्याने शहराच्या वैभवाबरोबर एक तक्रारही लिहून ठेवली: हे लोक सकाळ-संध्याकाळ कच्चा कांदा खातात, म्हणून यांची बुद्धी मंद झालीये. बाल्लारोत आजही अख्खे भाजलेले कांदे मोठ्या ट्रेमध्ये मांडून विकतात, शेजारी उकडलेले बटाटे. नोकरी करणारी बाई दुपारी येते, दोन कांदे, चार बटाटे, उकडलेले आर्टिचोक घेऊन घरी जाते, त्यावर तेल आणि मीठ, झालं जेवण. बँकेत असताना माझ्या वाटेवर असं कोणी बसत असतं तर माझी निम्मी संध्याकाळ वाचली असती.

बाजार तीन. बाल्लारो सगळ्यात मोठा आणि सगळ्यात राकट, बांगलादेशी दुकानंही तिथेच, हिरवी मिरची हवी असेल तर. कापोचा बाजार तेआत्रो मास्सिमो या ऑपेरा हाऊसच्या मागच्या गल्ल्यांत, तो जरा नीटनेटका. तिसरा वुच्चिरीया, पण आता तिथे दिवसा फारसं काही उरलेलं नाही, रात्री तरुण पोरं पेले घेऊन उभी असतात. खालच्या मजल्यावरची, तू जा, आम्ही दहा मिनिटांत परतलो.

एका सकाळी रस्त्यावर तीनचाकी टेम्पो उभा. मागच्या हौद्यावर काचेची पेटी, पेटीत 'स्फिंचोने', म्हणजे जाड, स्पंजासारखा पाव, वर टोमॅटो, भरपूर कांदा, खारवलेले बारीक मासे, चीज आणि पावाचा चुरा. भोंग्यावर रेकॉर्ड केलेली आरोळी वाजत होती. टेम्पोवर नाव होतं आपे. पियाज्जोची आपे! बारामतीला यांचा कारखाना आहे, आमचा चुलत दीर तिथून जवळच राहतो. मी टेम्पोचाच फोटो काढला, स्फिंचोनेचा राहून गेला. विकणाऱ्याला सांगायचा प्रयत्न केला की ही गाडी आमच्याकडेही बनते. त्याला वाटलं मला गाडी विकत हवीये.

आता गुरुवारची गोष्ट. ताई गुरुवारी मांसमच्छी खात नाहीत, दत्ताचा वार. त्या दिवशी दुपारी भूक लागली म्हणून आम्ही एका बारमध्ये अरांचिना घेतली. (बार म्हणजे तिथे कॉफी आणि खाण्याचं दुकान, घाबरू नका.) अरांचिना म्हणजे संत्र्याएवढा भाताचा गोळा, केशराने पिवळा, आत सारण, बाहेर पावाचा चुरा, आणि तळलेला. पालेर्मोत ती गोल आणि स्त्रीलिंगी. बेटाच्या दुसऱ्या टोकाला, कातानियात, तोच पदार्थ टोकदार आणि पुल्लिंगी, अरांचिनो. यावरून त्या दोन शहरांत पोळी-चपातीपेक्षा जास्त वाद आहे. काचेमागे दोन प्रकार होते, 'कार्ने' आणि 'बुर्रो'. कार्ने म्हणजे मांस, ते मला ठाऊक होतं. बुर्रो म्हणजे लोणी. लोण्याची म्हणजे शाकाहारी, असा माझा हिशोब. ताईंनी अर्धी खाल्ली, छान छान म्हणाल्या, आणि मग दुसऱ्या अर्ध्याकडे निरखून बघत विचारलं, "हे गुलाबी काय आहे गं?"

हॅम होतं. चीजबरोबर हॅमचे बारीक तुकडे घालायचीच पद्धत आहे, आणि तिथल्या माणसाच्या लेखी हॅमची गणना कार्नेत होत नाही. म्हणून नुसतं 'मांस नको' सांगून भागत नाही, 'प्रोशुत्तो नको' हेही वेगळं सांगावं लागतं. मला रडू यायचं बाकी होतं. ताई दोन मिनिटं गप्प बसल्या. मग पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "तू काही मुद्दाम केलं नाहीस. आणि इथे आत्ता पावणेतीन वाजलेत, म्हणजे मुंबईत सव्वासहा. दिवेलागणीच्या आत झालं." हा हिशोब त्यांनी कुठल्या शास्त्रावरून काढला ते मी विचारलं नाही. उरलेली अर्धी मी खाल्ली.

पालक आणि चीज भरलेली अरांचिनाही बऱ्याच ठिकाणी मिळते, ती मागायची. शाकाहारी माणसाची पालेर्मोत उपासमार मुळीच होत नाही, फक्त सावध राहावं लागतं.

मी मात्र एका गोष्टीपाशी थांबले. 'पानी का मेउसा', म्हणजे वासराची तिल्ली आणि फुफ्फुस उकडून, पातळ कापून, चरबीत परतून पावात भरतात. ला काला बंदराजवळ पोर्ता कार्बोनेची जी टपरी आहे तिथे त्यासाठी रांग असते. वजडी, भेजा, कलेजी आमच्या घरी सगळं खाल्लं जातं, पण वासराचं म्हटल्यावर मी मागे सरले. तेव्हा चवीबद्दल काही बोलत नाही. त्यामागची हकिकत मात्र ऐकण्यासारखी आहे. शहरातले ज्यू खाटीक कत्तलीचे पैसे घेत नसत, मोबदल्यात आतडी-तिल्ली ठेवून घेत आणि ती शिजवून विकत, असं सांगतात. पंधराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनच्या राजाने ज्यूंना बेटावरून हाकललं. पाव राहिला. नुसतं लिंबू पिळून घेतला तर त्याला 'स्केत्तू' म्हणतात, म्हणजे सडाफटिंग, आणि वर चीज घातलं तर 'मारितातू', म्हणजे लग्न झालेला. ताईंना हे इतकं आवडलं की त्यांनी मुलुंडला आल्यावर साध्या वडापावला आणि चीज वडापावला तीच नावं दिलीत.

बसून जेवायचं असेल तर दुपारी जेवा. व्हिया वेनेत्सियावर 'फेर्रो दि काव्हाल्लो', घोड्याचा नाल, अशी एक जुनी खानावळ आहे. टेबलं एकमेकांना चिकटलेली, शेजारच्याचा कोपर तुमच्या ताटात. तिथे कापोनाता खाल्ली. तळलेलं वांगं, सेलरी, ऑलिव्ह, खारवलेल्या केपरच्या कळ्या, टोमॅटो, आणि शेवटी व्हिनेगर आणि साखर. गरम वाढत नाहीत, कोमट किंवा गार. चव म्हणाल तर आपलं चिंचगुळाचं प्रकरण, फक्त चिंचेच्या जागी व्हिनेगर. पंजाबी मैत्रिणीला आमटीत गूळ घालते म्हटलं की ती तोंड वाकडं करते. पालेर्मोच्या माणसाला त्यात समजावण्यासारखं काही नसतं. ताई वांग्याच्या शत्रू आहेत, पण त्यांनी पाव फिरवून ताटली पुसली.

त्याच ताटात 'सार्दे आ बेक्काफिको' होत्या. सार्दे म्हणजे तारल्या. आता तारली म्हणजे आमच्या सीकेपी घरात काट्यांचं, मांजराच्या वाट्याचं वगैरे बोलून बाजूला ठेवलेलं मासं. पापलेट आणि बोंबील खाणाऱ्यांचा माज हो, दुसरं काय. इथे त्याच तारलीचं डोकं काढून, पाठीचा काटा ओढून, ती पुस्तकासारखी उघडतात. आत परतलेला पावाचा चुरा, बेदाणे, चिलगोज्यासारखे पाइनचे दाणे, पार्सली. मग गुंडाळी करायची अशी की शेपटी वर राहिली पाहिजे. दोन गुंडाळ्यांच्या मध्ये तमालपत्राचं पान. भट्टीत भाजायची. बेक्काफिको म्हणजे अंजिरं खाऊन गुबगुबीत झालेला एक छोटा पक्षी, सरदारमंडळी तो भरून, भाजून खायची. गरिबांना पक्षी परवडेना, त्यांनी तारली भरली आणि शेपटी वर करून पक्षी म्हटलं. मी भरल्या बोंबलांत चुरा आणि बेदाणे घालायची कल्पना ह्यांच्यासमोर मांडली. उत्तर आलं नाही.

मासे नीट खायचे असतील तर बोर्गो व्हेक्कियोच्या बाजाराजवळचं 'पिक्कोलो नापोली'. तिथे मी शुद्धीवर होते. मासा दाखवायला आणल्यावर विचारलं, "क्वांतो पेसा?", वजन किती? एवढे दोन शब्द पाठ करून जा, खालच्या मजल्यावरची, बाकी इटालियन नाही आलं तरी चालेल. पण मासा न घेता आम्ही 'पास्ता कॉन ले सार्दे' घेतला. पुन्हा तारल्या, केशर, बेदाणे, आणि डोंगरावर वसंतात आपोआप उगवणारी रानबडीशेप. दिसायला थेट शेपू, वासाला बडीशेप. एप्रिलमध्ये ती ताजी असते, जूनमध्ये तुला मिळेल की नाही सांगता येत नाही. वर चीज नाही, भाजलेला पावाचा चुरा. गरिबाघरी चीज नव्हतं म्हणून चुरा आला आणि आता सगळ्यांना चुराच हवा असतो. माशावर चीज मागू नका, कोणी काही बोलणार नाही, पण चेहरा बघण्यासारखा होतो.

जेवायची जागा निवडताना मी नंतर आणखी एक गोष्ट बघायला लागले. दुकानाच्या काचेवरचं स्टिकर. विमानतळावरून शहरात येताना हायवेवर कापाची गावापाशी दोन्ही बाजूंना लालसर उंच खांब दिसतात. 23 मे 1992 ला माफियाने तिथे स्फोट करून न्यायाधीश फाल्कोने, त्यांची पत्नी आणि तीन पोलीस मारले. दोन महिन्यांत त्यांचे सहकारी न्यायाधीश बोर्सेल्लिनो यांनाही. विमानतळाला आता या दोघांचं नाव आहे. त्या माफियाचं रोजचं उत्पन्न म्हणजे 'पित्सो'. पित्सा वेगळा, पित्सो म्हणजे हप्ता. 2004 मध्ये एका सकाळी शहरभर छोटी स्टिकरं चिकटलेली दिसली, हप्ता भरणाऱ्या लोकांना आत्मसन्मान उरत नाही अशा अर्थाची. काही तरुण मुलांचं काम होतं ते. त्यातून 'आद्दियोपित्सो', म्हणजे हप्त्याला रामराम, ही चळवळ उभी राहिली. हप्ता न देणारे दुकानदार काचेवर तिचं स्टिकर लावतात आणि गिऱ्हाईक ठरवून त्यांच्याकडे जातं.

नव्वदच्या दशकात आमच्या शाखेत खाती असलेले दोन बिल्डर आणि एक हॉटेलवाले होते. कोणाला फोन आला, कोणी किती दिले, हे काउंटरवर सगळ्यांना कळायचं आणि कोणी बोलायचं नाही. हॉटेलवाल्यांनी एकदा सही करताना पेन खाली ठेवलं आणि बराच वेळ नुसतेच बसून राहिले, ते मला अजून आठवतं. म्हणून सान फ्रांचेस्को चर्चसमोरच्या 'आंतीका फोकाच्चेरिया सान फ्रांचेस्को'त आम्ही मुद्दाम गेलो. 1834 पासूनचं दुकान, लोखंडी टेबलं, पर्यटकांची गर्दी, बाजारापेक्षा भाव जास्त. तिथल्या मालकाने हप्ता मागणाऱ्यांना भर कोर्टात बोट दाखवून ओळखलं होतं. पानेल्ले बाल्लारोतले जास्त चांगले. मी तरी तिथे दोन कॉफ्या जास्तीच्या प्यायले.

गोडाचं थोडक्यात आटोपते, कारण डॉक्टर हा ब्लॉग वाचतात. कान्नोलो म्हणजे तळलेली कुरकुरीत नळी, आत मेंढीच्या दुधाचं गोड केलेलं रिकोत्ता, म्हणजे मऊ ताजं चीज. नळ्या रिकाम्या ठेवलेल्या असतील आणि तुमच्यासमोर भरून देत असतील तरच घ्या. आधीच भरून ठेवलेली पाणीपुरी आपण खाऊ का? पियात्सा बेल्लिनीतल्या सांता कातेरीनाच्या जुन्या मठात पूर्वी नन राहायच्या, बाहेरच्या कोणाला तोंड दाखवायच्या नाहीत, भिंतीतल्या फिरत्या लाकडी चक्रातून मिठाई विकायच्या. आता नन नाहीत, पण त्यांच्या आणि शहरातल्या इतर मठांच्या पाककृतींनी केलेली मिठाई तिथेच मिळते आणि आतल्या चौकात नेऊन खाता येते. बदामाच्या पिठाची फळं, हुबेहूब रंगवलेली. आणि एक पांढरी घुमटासारखी मिठाई, वर लाल चेरी, नाव 'कुमारिकेचे स्तन'. मूळची ननांच्याच हातची, असं सांगतात. ताई काउंटरवर बोट दाखवून "ते, ते पांढरं" एवढंच म्हणत राहिल्या.

आमची घरमालकीण निघायच्या आदल्या दिवशी म्हणाली, डिसेंबरच्या 13 तारखेला या. सांता लुचियाचा दिवस. 1646 च्या दुष्काळात त्या दिवशी गव्हाचं जहाज बंदराला लागलं, आणि लोक इतके भुकेले होते की दळायला न थांबता त्यांनी गहू तसेच उकडून खाल्ले, अशी कथा आहे. तेव्हापासून पालेर्मोत त्या दिवशी पाव आणि पास्ता वर्ज्य. मग खातात काय? अरांचिना. पानेल्ले. आणि 'कुच्चीआ', म्हणजे शिजवलेल्या गव्हात रिकोत्ता आणि साखर घातलेली, आपली गव्हाची खीरच म्हणा. सकाळपासून अरांचिनाच्या दुकानांपुढे रांगा. ताईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "एकादशी दुप्पट खाशी." त्याचं भाषांतर करायला मला दहा मिनिटं लागली. घरमालकीण एवढी हसली की तिने ते वहीत लिहून घेतलं, रोमन लिपीत.

गेल्या रविवारी माहीमला घरी पानेल्ले केले. पाव किलो बेसन, त्याच्या तिप्पट पाणी, मीठ. घोटताना गुठळ्या झाल्या, गाळून घेतलं. थाळ्याच्या पाठीवर थापून गार केलं, कापलं, तळलं. कुरकुरीत झाले, पण वास वेगळा. आपलं बेसन हरभऱ्याच्या डाळीचं, त्यांचं पीठ काबुली चण्याचं. ताई मुलुंडहून आल्या होत्या, एक तुकडा खाऊन म्हणाल्या, "ही पाटवडीच आहे, तेल कशाला वाया घालवलंस?" आणि आणखी सहा खाल्ले.

काल किलोभर काबुली चणे घेऊन गिरणीत गेले. गिरणीवाला म्हणाला, "मावशी, हे दळून काय करणार, छोले संपले का?" गव्हाच्या मध्ये हे घेता येणार नाही, बेसनाचा घाणा लावेन तेव्हा शेवटी टाकतो, म्हणाला. दळण शनिवारी मिळणार आहे.